पोच आल्याशिवाय

वाघजाई साखर कारखान्यात मागच्या हंगामात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, कोंडीबा फिटरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते. पाळीवरची सगळी माणसं आपापल्या जागेवर होती. ऊस मिलकडं वाहून नेणाऱ्या गव्हाणीच्या साखळीत एक मोळी आडवी अडकली, ती सोडवायला कोंडीबा खाली उतरला. गव्हाणीत माणूस उतरलाय, कोणीही मोटर चालू करू नये, असं कंट्रोल रूममधून लाउडस्पीकरवर तीनदा सांगितलं गेलं. मोटरच्या बटणापाशी जो माणूस उभा होता त्याच्या डोक्यावरच कर्णा टांगलेला होता. पण शेजारी मिल चालू होती, आणि मिलच्या त्या धडधडीत माणसाला स्वतःचं खोकणंसुद्धा ऐकू येत नाही. वरून त्याला कोंडीबा दिसत नव्हता, फक्त मोळी मोकळी झाल्यासारखी दिसली, तसं त्यानं बटण दाबलं.

लाउडस्पीकरवर तीनदा सांगणारा आवाज उत्कर्षाचा होता.

उत्कर्षा मूळची कुंडलची. सहा वर्षांपासून कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होती. दाबाची, तापमानाची यंत्रं, वायरिंग, कंट्रोल रूम हे सगळं तिच्याकडं. अपघाताची चौकशी झाली, तिच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. अहवालात एक ओळ होती, ‘सूचना वेळेत देण्यात आली होती.’ ती ओळ तिनं कितीतरी वेळा वाचली. ओळ खरी होती, आणि तिला ती सहन होत नव्हती. सूचना दिली हे कागदावर आलं. ती कुणापर्यंत गेली, हे विचारायची सोयच कारखान्यात नव्हती.

सांगलीच्या दवाखान्यात ती कोंडीबाला भेटायला गेली, तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या त्या माणसाला मग कारखान्यानं गेटवरच्या टाइम ऑफिसात खुर्ची दिली. येता-जाता ती त्याला नमस्कार करायची. तो समोरच्या रजिस्टरात बघत राहायचा.

उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. मिल उघडून पडली, पितळी नळ्या बाहेर आल्या, आणि उत्कर्षा चीफ इंजिनिअर उदयसिंह साहेबांच्या टेबलासमोर कागद घेऊन बसली. साहेब साताऱ्याकडचे, शिस्तीचे, बोलायला मोजके. तिनं त्यांना पेजर दाखवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कमरेला अडकवायचा. साहेबांना वाटलं, वीस वर्षांपूर्वी डॉक्टर लोक वापरायचे तीच वस्तू ही परत घेऊन आली. मोबाइल असताना हे कशाला, असं त्यांनी विचारलं.

तिनं समजावून सांगितलं. मिलमध्ये मोबाइलची रिंग ऐकू येत नाही, रस आटवायच्या बॉयलिंग हाउसच्या लोखंडी जंगलात रेंज नसते, आणि एकाच वेळी दहा जणांना फोन लावता येत नाही. पेजरचं काम वेगळं आहे. कंट्रोल रूममध्ये माइकवर बोलायचं. ते बोलणं यंत्र साठवून घेतं, ज्या माणसांसाठी आहे त्यांचे नंबर त्याला जोडतं आणि साखरेच्या गोदामावरच्या अँटेनेतून सोडून देतं. हवेत ते सगळीकडं जातं, पण ज्याचा नंबर आहे त्याचाच पेजर ते उचलतो. पेजर कमरेवर थरथरतो, त्यामुळं आवाज किती का असेना, माणसाला कळतं. मग त्यानं दोन पावलं बाजूला व्हायचं, पेजर कानाला लावायचा आणि साठवलेला आवाज ऐकायचा.

“आणि ऐकल्यावर?” साहेबांनी विचारलं.

“ऐकल्यावर हिरवं बटण दाबायचं. अडचण असेल तर लाल. खरं काम तिथं सुरू होतं, साहेब. पेजर उलटा बोलतो. निरोप पेजरपर्यंत गेला की पहिली पोच तो आपणहून पाठवतो. माणसानं बटण दाबलं की दुसरी पोच. दोन्ही येईपर्यंत आपल्या पडद्यावर त्या माणसाचं नाव पिवळं राहतं आणि यंत्र दर अर्ध्या मिनिटानं निरोप पुन्हा पाठवत राहतं.”

तिची एक अट होती. माणूस यंत्रात उतरला असेल तेव्हा, त्या कामावरची सगळी नावं हिरवी झाल्याशिवाय मोटर, वाफ, पाणी, काहीच चालू व्हायचं नाही.  रोज चार हजार टन ऊस गाळणारा कारखाना एका पिवळ्या नावासाठी उभा ठेवायचा, हे साहेबांच्या गळी उतरत नव्हतं. पण कोंडीबाचा हात त्यांनीही पाहिला होता. एक हंगाम बघू, म्हणाले.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं आणि उत्कर्षाचे हाल सुरू झाले. कुणी पेजर लॉकरमध्ये ठेवून यायचं, कुणी बंदच करायचं. काहीजण न ऐकताच हिरवं बटण दाबून मोकळे व्हायचे. जुनी माणसं म्हणायची, आमी शिट्टीवर कारखाना चालवलाय. ती रोज पाळी बदलताना गेटवर उभी राहायची आणि प्रत्येकाच्या कमरेकडं बघायची. माणसं हसायची. ती तशीच उभी राहायची.

दुसऱ्या आठवड्यात कॅरिअरचं, म्हणजे गव्हाणीच्या साखळीचं, काम निघालं. चार जण खाली उतरले, काम झालं, वर आले. तिनं निरोप पाठवला. तीन नावं हिरवी झाली, चौथं पिवळंच राहिलं. ते अर्जुनाचं होतं. तिनं मिल सुरू करू दिली नाही. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग फाट्याच्या पुढं गेली, फोनवर फोन येऊ लागले. चाळीस मिनिटांनी अर्जुना सापडला, कॅन्टीनमध्ये भजी खात बसलेला.

दिवसभर त्या भज्यांवरून थट्टा झाली. संध्याकाळी अर्जुना स्वतः कंट्रोल रूमच्या दारात आला. पस्तिशीचा, अंगानं रोड, तोंडानं फटकळ. पण त्या दिवशी तो चिडलेला नव्हता. म्हणाला, “बाई, लोकं कायबी म्हणूद्यात. मी बटण दाबलं हुतं. एकदा न्हवं, तीनदा.”

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर तिनं मान हलवून सोडून दिलं असतं. पण आपण तीनदा केलं आणि तरी पलीकडं पोचलं नाही, हे तिला ओळखीचं होतं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याचा पेजर घेतला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. निरोप आला, पेजर थरथरला. तिनं बटण दाबलं. कंट्रोल रूममध्ये फोन करून विचारलं, तर नाव पिवळंच. दोन खांब ओलांडून खिडकीपाशी उभी राहिली आणि पुन्हा दाबलं, तेव्हा हिरवं झालं.

तिला चूक सापडली, आणि ती तिचीच होती. गोदामावरची अँटेना मोठी, तिच्यामागं जोर मोठा. तिचा निरोप भिंती ओलांडून सगळीकडं जात होता. पण पेजरच्या अंगात बोटाएवढी बॅटरी. त्याचं उत्तर तेवढ्या लांब परत यायचं कसं? हाक पोचत होती, ओ पोचत नव्हती. पाठवायला एक अँटेना पुरत होती. उत्तरं गोळा करायला मात्र माणसं जिथं जिथं असतात तिथं जवळ एकेक छोटा रिसीव्हर हवा होता. आणि माणसं खरोखर कुठं कुठं असतात, हे नकाशावर लिहिलेलं नसतं. कोण कुठं तंबाखू मळत उभा राहतो, कुठल्या टाकीमागं बसून डबा खातो, कुठल्या शिडीवरून जवळच्या वाटेनं उतरतो, हे सांगणारा माणूस कारखान्यात एकच होता.

दुसऱ्या दिवशी ती टाइम ऑफिसात गेली आणि कोंडीबाच्या समोर स्टूल ओढून बसली. काय हवंय ते सांगितलं. तो रजिस्टरात बघत राहिला. ती उठली नाही. दुपारच्या पाळीची माणसं येऊन गेली, तरी ती बसलेली.

शेवटी कोंडीबानं पेन खाली ठेवलं. “ताई, तुमाला एक सांगू? त्या दिवशी खाली गव्हाणीत मला तुमचा आवाज आला हुता. धडधड हुती, पर खालच्या अंगाला जरा कमी येती. शबुद न् शबुद आला. मला वाटलं, मला ऐकू आलं म्हंजे समद्यास्नी ऐकू आलं. म्हणून तर मी साखळीत हात घातला. न्हाईतर घातला नसता.”

 इतके महिने तिला वाटत होतं, आपला आवाज कुणाच्याच कानावर गेला नाही. तो एकाच माणसापर्यंत गेला होता, आणि त्यानं त्या आवाजावर भरवसा टाकला होता. क्षमा मागावी असं तिच्या मनात आलं, पण एवढ्याशा शब्दात ते मावणार नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली, “म्हणूनच मला तुमी पायजे. मला पुन्हा कुणाला खोटा भरवसा द्यायचा नाही.”

कोंडीबानं पुन्हा पेन उचललं. पण सकाळी आठला तो कंट्रोल रूमच्या बाहेर उभा होता, डोक्याला पिवळं हेल्मेट, आणि पायात त्याचे जुने फिटरचे बूट.

नऊ दिवस दोघांनी कारखाना पायाखाली घातला. तो पुढं, ती मागं. तो एका जागी थांबायचा, डाव्या हातानं बटण दाबायचा. ती वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला विचारायची आणि वहीत फुली किंवा बरोबरची खूण करायची. बॉयलरच्या मागं, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ढिगाच्या आडोशाला, साखर शिजवायच्या पॅनच्या मजल्यावरच्या जिन्याखाली, मळीच्या टाकीपाशी. “हितं मानसं गपचिप बिडी वढत्यात,” असं तो सांगायचा आणि तिथं हमखास फुली निघायची. त्यांनी अकरा रिसीव्हर बसवले. दहाव्या दिवशी अर्जुनाला मुद्दाम कॅन्टीनमध्ये त्याच बाकावर बसवून बटण दाबायला लावलं. नाव लगेच हिरवं झालं. भज्यांची थट्टा बंद झाली.

न ऐकता बटण दाबायचा प्रकार मात्र चालूच होता. त्यावर तोडगा ठरवून निघाला नाही. एका सकाळी उत्कर्षाचा घसा बसला होता, म्हणून तिनं माइक कोंडीबाकडं सरकवला. तिचे निरोप नेहमी छापील असायचे, ‘सर्व संबंधित कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी’ असे. कोंडीबानं माइक तोंडाशी धरला आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा बोलला. मानसिंग, तुझी माणसं खाली हायत, मोजून वर घे, मग बटण दाब, आधी दाबलंस तर मला कळतंय. पेजरमधून तो आवाज टोळीच्या मुकादमाच्या, मानसिंगच्या, कानाशी गेला. ज्या माणसाची बोटं गेली तोच कानात बोलतोय म्हटल्यावर कुणाचं बटण घाईनं दाबलं जाईना. त्या दिवसापासून कोंडीबा टाइम ऑफिसात परत गेला नाही. उदयसिंह साहेबांनी बदलीच्या कागदावर सही केली.

जानेवारीच्या शेवटी सफाईचा दिवस आला. महिन्यातून एकदा गाळप थांबवून रस आटवायच्या मोठ्या बॉडी आतून घासून काढाव्या लागतात. बॉडी म्हणजे दोन मजली घराएवढं पोलादी पिंप. वरच्या झाकणातून माणसं आत उतरतात, शेकडो उभ्या नळ्यांतून ब्रश फिरवतात. नळ्यांच्या मधोमध एक रुंद मोकळी नळी असते, माणूस सहज मावेल एवढी, ती तळापर्यंत जाते. घासून झालं की झाकणं बंद करायची, पाणी भरून गळती बघायची आणि मग वाफ.

तिसऱ्या बॉडीत सहा जण होते. दुपारी सव्वाबाराला काम संपलं. मानसिंगनं सहाही माणसं बाहेर आल्याचं मोजलं, आत डोकावून हाक मारली, आणि झाकण बसवायला घेतलं. कोंडीबानं सहा नावांवर निरोप सोडला. झाकण बसतंय, पाणी सोडायचं हाय, जो तो बाहेर असल्याची पोच द्या.

पाच नावं हिरवी झाली. अर्जुनाचं पिवळं राहिलं.

अर्ध्या मिनिटानं यंत्रानं निरोप पुन्हा पाठवला. मग पुन्हा. उत्कर्षानं पडद्याजवळ तोंड नेलं. अर्जुनानं बटण दाबलं नव्हतं, एवढंच असतं तर वेगळी गोष्ट होती. इथं त्याच्या पेजरची आपणहून येणारी पहिली पोचसुद्धा आली नव्हती. म्हणजे निरोप त्याच्या कमरेपर्यंतच गेला नव्हता.

उदयसिंह साहेब आत आले. पहाटेपासून उभे असल्यानं त्यांचे डोळे लाल झाले होते. ऊस यार्डात वाळत होता, आणि गाड्यांवरची माणसं दोन दिवस तिथंच मुक्काम करून होती. मानसिंगला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, सहा मोजलेत, आणि अर्जुनाला कॉलनीच्या वाटेला लागलेलं एकानं बघितलंय. कॉलनी रेंजच्या बाहेर होती. जेवायला घरी गेला असला, तर पडदा अगदी असाच दिसणार होता.

“नोव्हेंबरची गंमत पुन्हा नको,” साहेब म्हणाले. “पाणी सोडायला सांगा.”

“तो घरी असेल, साहेब. किंवा पोलादाच्या आत असेल. पोलादातून लहर जात नाही. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं.”

“मानसिंगनं मोजलंय.”

“मानसिंगनं सव्वाबाराला मोजलंय. आत्ता साडेबारा झालेत.”

साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. चूक निघाली तर जबाबदारी तिच्यावर राहील आणि पुढच्या हंगामाला ही यंत्रणा दिसणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. ते धमकावत नव्हते, जे होईल ते सांगत होते. उत्कर्षाला ते कळत होतं. वर्षभराचं काम एका नावावर टांगलं होतं, आणि ते नाव बहुतेक घरी बसून भाकरी खात होतं.

“राहू दे माझ्यावर,” ती म्हणाली. “पोच आल्याशिवाय मी पाणी सोडू देणार नाही.” मग कोंडीबाकडं वळून म्हणाली, “मामा, थांबू नका. बोलत राहा.”

तिनं एका माणसाला सायकलवर कॉलनीत पिटाळलं आणि स्वतः बॉयलिंग हाउसकडं धावत सुटली. साहेब क्षणभर तिथंच उभे राहिले, मग तेही मागोमाग निघाले.

तिसऱ्या बॉडीच्या झाकणाचे दोन नट आवळून झाले होते. तिनं मानसिंगला बाकीचे बसवू नका म्हणून सांगितलं, त्याच्या हातचा पाना घेतला आणि पोलादावर तीन ठोके दिले. कान लावला. आजूबाजूला पंपांची घरघर होती. जिन्यानं खाली उतरून तळाशी, जाळीच्या मजल्यावर गुडघे टेकून तिनं पुन्हा ठोके दिले आणि कान चिकटवला. पोलाद कोमट होतं. आतून काहीतरी वाजलं. एकदाच, हलकं, नाणं पडावं तसं.

“उघडा,” ती वर बघून ओरडली.

मानसिंग झाकणाकडं वळला, तसा साहेबांनी दुसरा पाना उचलला आणि स्वतः नट सोडायला सुरुवात केली. झाकण बाजूला झालं. टॉर्चच्या उजेडात नळ्यांची तोंडं दिसली, माणूस कुठं दिसेना. मग एकजण आत उतरला, मधल्या रुंद नळीवर वाकला आणि वर ओरडून म्हणाला, तळाला हाय.

अर्जुना बाहेर आला होता हे खरं होतं. मोजणीतही होता. मग दिवा आत राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. मानसिंगसकट सगळे हात धुवायला वळले, तेवढ्यात तो कुणाला न सांगता परत उतरला. ओल्या नळ्यांवरून पाय घसरला आणि तो मधल्या नळीतून थेट खाली गेला. डोकं आपटल्यानं शुद्ध गेली होती. ठोक्यांनी ती थोडी आली, आणि हाताशी लागलेला दिवा त्यानं पोलादावर आपटला होता. कॉलनीच्या वाटेवर दिसलेला माणूस दुसराच कुणीतरी होता.

दोर सोडून त्याला वर ओढायला पाऊण तास लागला. खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळातून रक्त आलं होतं, पण डोळे उघडे होते. झाकणाच्या बाहेर त्याला कमरेपर्यंत काढला, आणि त्याच्या पट्ट्याला लटकलेला पेजर थरथरायला लागला. पोलादाच्या बाहेर आल्या आल्या साठून राहिलेला निरोप त्याला सापडला होता. उत्कर्षानं तो काढून त्याच्या कानाशी धरला. सुरुवातीचा निरोप संपला आणि त्यानंतरचा कोंडीबाचा आवाज आला, दमलेला, घाई नसलेला.

“अर्जुना, मी बोलतुय. कुठंबी असलास तर तिथंच ऱ्हा. पाणी सोडलं न्हाई. तुझी पोच येस्तोवर सोडत न्हाई. घाबरू नगंस गड्या.”

अर्जुनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं धडधाकट हाताचा अंगठा चाचपडत पुढं केला. तिनं पेजर त्याच्याखाली धरला, आणि बटण त्यानं स्वतः दाबलं.

थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर कोंडीबाचा आवाज आला. एवढंच म्हणाला, “हिरवं झालं, ताई.” 

रुग्णवाहिका अर्जुनाला घेऊन सांगलीला गेली. त्याची बायको क्रांती त्याच्याबरोबर बसली. तिनं जाता जाता उत्कर्षाचा हात धरला आणि तसाच सोडला. उदयसिंह साहेबांचे हात तेलकट झाले होते. ते तसेच ऑफिसात गेले आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात हुकूम लिहिला. पुढच्या हंगामापासून डिस्टिलरीसह सगळ्या विभागांत पेजर, आणि पिवळं नाव असताना यंत्र चालू करायचा अधिकार कुणालाच नाही, चीफ इंजिनिअरलाही नाही. कागद त्यांनी उत्कर्षाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आज मी पाणी सोडायला सांगितलं होतं. हे लक्षात राहील माझ्या.”

“तुम्ही पाना उचललात, साहेब. तेही राहील,” ती म्हणाली.

गाळप संध्याकाळी पाचला सुरू झालं. लोक येऊन तिला काहीबाही चांगलं बोलून जात होते, पण तिचं मन त्यात नव्हतं. निरोप पोलादाच्या आत गेला नव्हता, हे तिला टोचत होतं. आज ठोका देऊन कळलं. पुढच्या वेळी आतल्या माणसाला शुद्धच नसली, तर? तिनं वही काढली. झाकणातून आत सोडता येईल अशी एक लांब वायर, जिच्या अंगातूनच लहर झिरपत राहते, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. सफाई चालू असेपर्यंत ती आत टांगलेली राहील आणि माणसं मोजून झाल्यावर शेवटी बाहेर येईल.

कोंडीबा चहाचे दोन कप घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून वहीत बघत उभा राहिला. तिनं काढलेल्या बॉडीच्या चित्रावर त्यानं डाव्या हाताचं बोट ठेवलं.

“चौथी बॉडी उंचीला जास्ती हाय,” तो म्हणाला. “वायर चार मीटर वाढवा.”

तिनं आकडा खोडला आणि नवा लिहिला.